वाटेवरचे तास

आमच्या धाकट्या भावाचा मुलगा वैमानिक आहे. वसईच्या एका वाडीत वाढलेला हा मुलगा आज अमेरिकेत स्थायिक झाला असून तेथील एका कंपनीची मालवाहू विमाने चालवतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तो अवचित आमच्याकडे नांदेडला आला. अवचित म्हणजे आमच्या दृष्टीने. त्याच्या वहीत त्या भेटीची नोंद महिनाभर आधीच झालेली होती, हे आम्हांस मागाहून कळले. मंगळवारी तो हैदराबादहून रेल्वेने उतरला, दोन रात्री आमच्या ओसरीवरच्या खोलीत राहिला आणि गुरुवारी सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने मुंबईस जाण्याची तयारी करू लागला. त्याचे विमान मुंबईहून उडायचे होते ते शुक्रवारी रात्री.

बुधवारी रात्री जेवताना आम्ही त्याला म्हणालो, "अरे, शुक्रवारी रात्रीचे काम, आणि उद्या सकाळीच कशाला निघतोस? उद्याचा दिवस राहा. संध्याकाळी देवगिरी आहे. रात्रभर गाडीत झोप काढ, शुक्रवारी सकाळी मुंबईत उतर, विमानाला अजून सारा दिवस शिल्लक राहील."

तो हसला. म्हणाला, "काका, गाडीतली झोप म्हणजे उसनवारी. शुक्रवारची रात्र मला जागून काढायची आहे, तेव्हा गुरुवारची रात्र पलंगावरच गेली पाहिजे. शिवाय तपोवन चुकली तर मागे देवगिरी आहे. देवगिरी चुकली तर काय आहे?"

आम्ही गप्प झालो. काकाचा आग्रह मोडला म्हणून गप्प झालो असे त्याला वाटले असावे, कारण त्याने लगेच आमच्या ताटात भाकरीचा तुकडा वाढून विषय बदलला. पण आमच्या मौनाचे कारण निराळे होते. 'चुकली तर काय आहे?' हा प्रश्न बारा वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी आम्ही स्वतःला विचारला नव्हता, आणि त्याची किंमत लातूरच्या एका घराने मोजली होती. ती हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी पुतण्याच्या व्यवसायातील जी रीत त्या दोन दिवसांत आम्हांस समजली, ती वाचकांस सांगणे अवश्य आहे. तिच्या उजेडातच आमची चूक आम्हांस प्रथम नीट दिसली.

विमान कंपन्यांत एक प्रवास असा असतो की ज्यात वैमानिक विमानात बसलेला असतो, पण ते विमान तो चालवत नसतो. समजा, विमान मुंबईहून उडायचे आहे आणि ते चालवणारा माणूस अमेरिकेत आहे. तेव्हा कंपनी त्याला तिकीट काढून देते, तो इतर उतारूंप्रमाणे बसून येतो, विश्रांती घेतो आणि मग आपले विमान ताब्यात घेतो. या बसून येण्याला त्यांच्या बोलीत 'डेडहेड' म्हणतात. शब्द ऐकून आम्ही दचकलोच. परंतु त्याचा मृत्यूशी संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नाटकगृहात वा आगगाडीत पैसे न देता फुकटच्या पासावर बसणाऱ्यास हे नाव पडले, पुढे ते रिकाम्या धावणाऱ्या डब्यांना लागले आणि तेथून विमानात आले. हिशेबात ज्याची कमाई नाही असे डोके, एवढाच त्याचा मूळ भाव.

आता यातली पुढची गोष्ट. काही कंपन्यांत, विशेषतः मालवाहू विमानांच्या कंपन्यांत, वैमानिकाला अशी मुभा असते की कंपनीने ठरवलेला हा प्रवास त्याने नाकारावा आणि आपली वाट आपण ठरवावी. कंपनीने काढावयाच्या तिकिटाची जी किंमत, तिच्या मर्यादेत त्याने स्वतःचे तिकीट काढावे, हवे तर आधी निघावे, वाटेत आईवडिलांना भेटावे, एखाद्या काकाकडे नांदेडला दोन रात्री राहावे. अट एकच. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, काम करण्याच्या अवस्थेत त्याने हजर असले पाहिजे. कंपनीच्या तिकिटावर येताना विमानास उशीर झाला तर ती काळजी कंपनीची. स्वतःच्या वाटेने येताना उशीर झाला तर ती काळजी त्याची. आमच्या पुतण्याने ही मुभा घेतली होती म्हणूनच तो आमच्या ताटाशेजारी बसून भाकरी खात होता. स्वतःची वाट निवडण्याचे हे सुख आम्ही कमी लेखत नाही. त्या दोन दिवसांचा लाभ आम्हांसच झाला.

ही हकीकत आम्ही पुढच्या रविवारी मिस्सानंतर आमच्या मंडळीतील एका निवृत्त रेल्वेचालकांना सांगितली. ते पूर्णेचे. पूर्णा हे जुने रेल्वेचे गाव. २००३ मध्ये नांदेड हा दक्षिण मध्य रेल्वेचा स्वतंत्र विभाग झाला, पण इंजिने, चालक आणि त्यांच्या पेट्या यांचा राबता पूर्णेला त्याच्या कितीतरी आधीपासून होता. ते म्हणाले, "फादर, यात नवल काय? आमच्यात याला 'स्पेअर' जाणे म्हणतात. गाडी तिकडून आणायची, तर माणूस आधी तिकडे गेला पाहिजे. पेटी पायाशी ठेवायची, डब्यात बसायचे आणि मिळेल तेवढी डुलकी घ्यायची. लोक बघायचे आणि म्हणायचे, बघा, सरकारचा पगार खाऊन झोपतोय. त्यांना काय ठाऊक, ती झोप त्यांच्याच पुढच्या गाडीची आहे!"

'ती झोप त्यांच्याच पुढच्या गाडीची आहे', हे त्यांचे वाक्य आम्ही तेव्हापासून जवळ बाळगून आहोत. रिकामा दिसणारा माणूस प्रत्येक वेळी रिकामा नसतो. आपल्या एसटीची मुक्कामी गाडी रात्री एखाद्या तांड्यावर वा वाडीवर जाऊन थांबते, चालक आणि वाहक तिथेच पथारी टाकतात आणि पहाटे तीच गाडी शाळेची मुले आणि बाजारचे शेतकरी घेऊन निघते. ती रात्रीची पथारी म्हणजे पहाटेच्या फेरीचाच पहिला भाग नव्हे काय?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. नियमांच्या पुस्तकातही त्याचे उत्तर लिहिलेले आहे. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत कंपनीच्या सांगण्यावरून वैमानिकाने उतारू म्हणून केलेला प्रवास हा कामाचा वेळ धरला जातो. असा प्रवास करून मधे विश्रांती न घेता त्याने लगेच विमान चालवायला घेतले, तर बसून आलेले तासही त्या दिवसाच्या उड्डाणाच्या कामात मिळवावे लागतात, आणि तितके त्याचे पुढचे तास कमी होतात. त्याचे बसणे म्हणजे कामच, हे नियमाने मान्य केले आहे. परंतु त्याच नियमात दुसरी बाजूही आहे. वैमानिक आपल्या घरून आपल्या नेमणुकीच्या ठाण्यावर येतो, तो प्रवास मात्र कामात धरला जात नाही. तो त्याचा खासगी मामला. मग ते घर अर्ध्या तासावर असो की हजार किलोमीटरवर.

येथेच मेख आहे. पाठवणाऱ्याच्या वहीत न लिहिलेले तास शरीराच्या वहीतून पुसले जात नाहीत. शरीर सगळे लिहून ठेवते.

पुतण्याने आम्हांस एका अपघाताची हकीकत सांगितली. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेतील नेवार्कहून बफेलो शहराकडे निघालेले एक लहान प्रवासी विमान उतरण्याच्या बेतात असताना एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि त्या घरातील एक अशी ५० माणसे गेली. विमानाचा वेग घटल्याची सूचना मिळताच जे करावयास हवे त्याच्या उलट प्रमुख वैमानिकाने केले, असे चौकशीत निष्पन्न झाले. पण चौकशी करणाऱ्यांनी त्या दोघांचा आदला दिवसही तपासला. सहवैमानिक ही २४ वर्षांची तरुणी. तिचे राहणे देशाच्या पश्चिम टोकाला सिअॅटलजवळ आणि नेमणूक पूर्व किनाऱ्यावर नेवार्कला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतील जादा जागांवर बसून, मध्यरात्री मेंफिसला विमान बदलून, सकाळी साडेसहाच्या सुमारास नेवार्कला पोहोचली होती. प्रमुख वैमानिकाचे घर फ्लोरिडात. नेवार्कला त्याच्यापाशी राहण्याची खोली नव्हती, आणि कर्मचाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीतच त्याने झोप काढली होती. त्यांचे विमान उडाले रात्री नऊनंतर. थकव्याने त्यांच्या कामावर बहुधा परिणाम झाला असावा, परंतु तो नेमका किती हे ठरवता येत नाही, असे चौकशी मंडळाने २०१० मध्ये नमूद केले.

नियमाच्या वहीत त्या दोघांची विश्रांती पुरेशी होती. त्या रात्रीचे तास कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

पुढे अमेरिकेत या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि तिने २०११ मध्ये अहवाल दिला. वैमानिकांनी दूर राहूच नये, असा सरसकट नियम करा असे तिने सांगितले नाही. माणसाचे घर, त्याची मुले, त्याची म्हातारी आईवडील माणसे असतात तेथे असतात, हे तिला कळत होते. तिने वैमानिकांना सांगितले ते साधेच. काम संपेपर्यंत आपले जागरण सुमारे १६ तासांपलीकडे जाईल असा प्रवास आखू नका, आणि कामावर येण्यापूर्वी निदान सहा तास झोप घ्या. युरोपातील मार्गदर्शक सूचनांतही असाच सल्ला आहे, की घरापासून ठाण्यापर्यंत दीड तासाहून अधिक लागत असेल तर जवळ तात्पुरत्या मुक्कामाचा विचार करावा. एखादी आजी नातवाला सांगेल तेवढेच हे शहाणपण. पण ते लिहून ठेवण्यापूर्वी ५० माणसे गेली.

आपल्याकडे महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा घातली. हे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले, आणि त्या डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीला वैमानिक अपुरे पडून हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर माणसे बिछाने टाकून बसली. तेव्हा पुष्कळांचा राग त्या नियमांवरच निघाला. आम्हांस मात्र पूर्णेच्या त्या चालकांचे वाक्य आठवत होते. आपल्याला गाडी हवी असते, त्या गाडीची झोप मात्र आपल्या हिशेबात नसते.

वाचक म्हणतील, फादर, तुम्ही नांदेडात बसून बफेलोची गोष्ट सांगता, आपल्या मराठवाड्याचा तिच्याशी काय संबंध? नांदेडच्या विमानतळाचा विस्तार झाला तो २००८ मध्ये, गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने. तेथून विमाने काही वर्षे उडतात, काही वर्षे थांबतात. २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. लातूरच्या विमानतळावर तर नियमित विमानाची वाट पाहून धावपट्टीच म्हातारी व्हायची वेळ आली. मग आम्हांला वैमानिकांच्या झोपेचे काय?

परंतु आमच्या भागात एक शब्द घरोघरी आहे, 'अप-डाउन'. नांदेडहून किनवटकडे, देगलूरकडे, लातूरहून निलंग्याकडे, औशाकडे रोज सकाळी शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, बँकेतील कारकून निघतात आणि रात्री परततात. नेमणुकीच्या गावी, म्हणजे मुख्यालयी राहावे, असा नियम आहे. तो पाळला जात नाही म्हणून ग्रामसभांत ओरड होते, ती खोटी नाही. दुपारच्या शेवटच्या तासाला फळ्यासमोर पेंगणारा गुरुजी आम्ही पाहिला आहे. पण त्याच गुरुजींच्या घरी शहरात अर्धांगाने पडलेली आई आहे, हेही आम्ही पाहिले आहे. नियम त्याला 'तू येथेच राहा' असे सांगतो, घर त्याला 'तू येथेच राहा' असे सांगते, आणि तो बिचारा दोहोंच्या मधल्या रस्त्यावर राहतो. ते रस्त्यावरचे तास ना शाळेच्या हजेरीपटात येतात, ना घरच्या हिशेबात. वैमानिक काय आणि गुरुजी काय, त्यांचे हे तास कोणाचे, हा प्रश्न एकच आहे.

आणि धर्मगुरू? आता आमची हकीकत.

बारा वर्षांपूर्वीचा आगमनकाळ. लातूरच्या फादरांची आई गावी अत्यवस्थ होती, त्यांना तातडीने जावे लागले. दुसऱ्या रविवारच्या मिस्सा आम्ही नांदेडहून येऊन अर्पाव्यात, असे ठरले. लातूरच्या मंडळींनी आपसांत वर्गणी काढून जीप ठरवली. शनिवारी दुपारी तीन वाजता जीप नांदेडला येईल, फादर संध्याकाळी लातूरला पोहोचतील, रात्री विश्रांती घेतील, रविवारी सकाळी सातला पहिली मिस्सा आणि दहाला जवळच्या एका खेड्यात दुसरी, अशी त्यांनी आखणी केली. आम्ही निरोप पाठवला, जीप नको, आम्ही आमचे येऊ.

कारणे आम्ही उत्तम दिली. गरिबांच्या वर्गणीचे पैसे वाचतील. वाटेत अहमदपूरला एका ख्रिस्ती कुटुंबाचे बोलावणे होते, तेही पुरे होईल. दोन्ही कारणे खरी होती. पण त्यांच्या तळाशी तिसरे कारण होते, ते आम्ही कोणालाच सांगितले नाही. दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळी, एखाद्या पार्सलासारखे पोहोचवले जाणे आमच्या स्वभावाला मानवत नव्हते. सेमिनरीत आज्ञाधारकतेवर आम्हांस चांगले गुण मिळाले होते. जीपच्या बाबतीत ते उपयोगी पडले नाहीत.

नांदेड ते लातूर साधारण १४० किलोमीटर. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर. हा रस्ता आम्हांस पाठ होता. अहमदपूरला आम्ही चारला उतरलो. घरात नातवाचे बारसे होते, पाहुणे होते. 'फादर, दोन घास खाऊन जा' असे म्हणता म्हणता पंगत नऊला बसली. शेवटची थेट गाडी कितीला, हे आम्ही विचारले होते. ती चुकली तर काय, हे विचारले नव्हते. स्थानकावर पोहोचलो तेव्हा गाडी गेलेली होती. कोणाचाही दोष नव्हता, गाडी आपल्या वेळेवर गेली होती.

परत त्या घरी जाऊन झोपावे आणि पहाटे निघावे, तर सातची मिस्सा चुकेल ही धास्ती. मग आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. साडेअकराच्या सुमारास लातूरच्या आडतीवर सोयाबीनची पोती घेऊन जाणाऱ्या एका मालमोटारवाल्याला दया आली. चाकूरच्या अलीकडे चाक बसले. चालक आणि त्याचा सोबती अंधारात चाक बदलत होते, आणि आम्ही बॅटरी धरून थंडीत उभे होतो. लातूरला पोहोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. रखवालदाराला उठवून आत शिरलो. पाठ टेकली ती तीनला, आणि साडेपाचला गजर झाला.

त्या सकाळी प्रवचनात आम्ही योहान बाप्तिस्त्याविषयी बोलत होतो. 'प्रभूसाठी वाट सिद्ध करा' हाच त्या रविवारचा विषय. मधेच आमचे सूत्र तुटले आणि आधी सांगितलेलेच आम्ही पुन्हा सांगू लागलो. पुढल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. मिस्सा आटोपून बाहेर आलो, दुसऱ्या गावी न्यायला मोटारसायकल तयार उभी होती, तेवढ्यात खांबाआडून एक म्हातारी बाई पुढे झाली. पदर डोक्यावर ओढून हात जोडून म्हणाली, "फादर, मालक लई थकलेत. रात्रीपासून तोंडात पाणी घेईनात. जरा येऊन जाता का?"

घर दूर नव्हते. फार तर वीस मिनिटांचे काम. दुसऱ्या गावी थोडा उशीर झाला असता, तर तेथील मंडळींनी भजने म्हटली असती. एरव्ही आम्ही असा विचार क्षणभरही केला नसता. 'पाणी घेत नाहीत' या शब्दांचा अर्थ काय, हे तीस वर्षांच्या कोणत्याही धर्मगुरूला झोपेतही कळावे. पण त्या क्षणी आमच्या डोक्यात शब्द पोहोचत होते आणि अर्थ पोहोचत नव्हता. आम्ही म्हणालो, "बाई, दहाची मिस्सा आहे. संध्याकाळी नक्की येतो." ती म्हणाली, "बरं फादर." आणि गेली.

दुसरी मिस्सा झाली. साडेबाराला लातूरला परतलो, दोन घास खाल्ले, आणि पाच मिनिटे पडतो म्हणून जे पडलो ते चारला उठलो. पवित्र तेलाची कुपी खिशात घालून पाचला त्या घरी गेलो. दारात माणसे बसली होती. म्हातारा अडीचच्या सुमारास गेला होता.

आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा संस्कार जिवंतांसाठी आहे. मृतासाठी प्रार्थना असते, ती आम्ही केली. कुपी खिशातच राहिली. आमच्या मागे कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले, की सकाळी फादरांना सांगितले होते. तेव्हा ती म्हातारी त्याच्यावर डाफरली, "गप बस. फादर रातभर जागे होते, त्यांचा काय दोष?"

वाचकहो, तिने दोष दिला असता तर बरे झाले असते. एका नवऱ्याच्या मृतदेहाशेजारी बसलेल्या बाईने आमची बाजू घ्यावी, आणि तीही आमच्या जागरणाचे कारण ठाऊक नसताना! ते जागरण सेवेचे नव्हते. ते तीन वाजताच्या जीपला दिलेल्या नकाराचे होते. हे आम्ही तिला त्या दिवशी सांगितले नाही. पुढे दोन महिन्यांनी जाऊन सांगितले. तिने ऐकून घेतले, चहा टाकला आणि म्हणाली, "व्हायचं ते झालं. आता पुढच्याला सांभाळा."

त्या वर्षाच्या अहवालात आम्ही लिहिले होते, 'लातूर, दोन मिस्सा.' अहवाल खरा होता. दोन्ही मिस्सा झाल्या, वेळेवर झाल्या. रकाना भरला. बफेलोच्या हकीकतीत ज्या वहीचा उल्लेख आम्ही वर केला, तिच्याच जातीची ही वही. तीत आम्ही पोहोचलो होतो. प्रत्यक्षात आमच्यातला काही भाग चाकूरच्या अलीकडे, बॅटरी धरून, रस्त्याच्या कडेलाच उभा राहिला होता.

थकवा डोळे मिटतो, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याहून भयंकर असे की तो डोळे उघडे ठेवून आतली निवड मिटवतो. कोणते काम आधी, कोणते मागाहून, कोणता शब्द वरवरचा, कोणता जिवावरचा, हे ठरवण्याची शक्ती आधी जाते, आणि ती गेल्याचे थकलेल्याला समजत नाही. म्हणूनच त्या क्षणी दक्ष राहीन असे म्हणून भागत नाही. दक्षता आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता दाखवावी लागते.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट आपण जाणतो. तो थकून रानात झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिले, मग भाकरी आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि पुढची वाट लांबची आहे म्हणून पुन्हा खाऊ घातले. मगच तो देवाच्या डोंगराकडे चालू लागला. पाठवणाऱ्याने वाटेचा हिशेब करावा, हे तेथे शिकवलेले आहे. आणि एलियानेही ती भाकरी नाकारली नाही, आमचे आम्ही येऊ असे म्हणाला नाही, हेही तेथे शिकवलेले आहे.

तेव्हा वाटेवरचे तास कोणाचे? आमचे उत्तर असे की ते दोघांचे. जो पाठवतो, त्याने जाणाऱ्याचे काम दारापासून मोजू नये, वाटेपासून मोजावे. फादर वेदीवर चढल्यावर, गुरुजी वर्गात शिरल्यावर, चालक इंजिनात बसल्यावर काम सुरू झाले असे समजू नये. आणि जो जातो, त्याने स्वतःची वाट निवडण्यास हरकत नाही. आमच्या पुतण्याने निवडलीच की. पण निवडताना तिची पूर्ण किंमत आपल्या खिशातून द्यावी. एक गाडी चुकली तर दुसरी असावी, दुसरीही चुकली तर एक रात्र मधे असावी. आमचे स्वातंत्र्य त्याच्याइतकेच होते. त्याने त्यात एक रात्र राखून ठेवली होती, आम्ही ती बारशाच्या पंगतीत खर्चून टाकली होती. आणि तिची किंमत आमच्या खिशातून गेली नाही, हे सर्वांत वाईट.

गुरुवारी सकाळी आम्ही पुतण्याला नांदेडच्या स्थानकावर पोहोचवायला गेलो. तपोवन फलाटावर लागली होती. वाटेत त्याला ही लातूरची गोष्ट प्रथमच सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. गाडीत चढताना पाया पडला आणि म्हणाला, "काका, तुम्ही काल मला थांबवायला नको होते, एवढेच. तुम्हांला तर माहीत होते." आम्ही म्हणालो, "माहीत असूनही थांबवले, बाबा. माया अशीच असते. म्हणून तू ऐकले नाहीस ते चांगले केलेस."

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा निरोप आला, 'रात्री आठ तास झोप झाली, दुपारी दोन तास. आता निघतो.' आम्ही तो दोनदा वाचला.

त्याच शनिवारी आम्हांस लातूरला जायचे होते. मंडळींनी तीनची जीप ठरवली होती. आम्ही पावणेतीनला पिशवी घेऊन ओसरीवर बसलो होतो. अहमदपूरच्या त्या घरी आधीच कळवले होते, की जाताना नाही, सोमवारी परतताना येऊ. चालक तरुण होता. आम्ही त्याला विचारले, "रात्री झोप झाली का रे?" त्याने आमच्याकडे चमकून पाहिले. इतकी वर्षे जीप चालवतो, म्हणाला, पण हे पहिल्यांदाच कोणी विचारले.